गुलामांची जोडी शेवटच्या चौघांत

वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मागील अंकात मेंढीकोटातील दश्शी केव्हा उतरावी याविषयी लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांत ऑनलाइन पोकरविषयीचीच पत्रे अधिक निघाली, आणि विचार केल्यावर त्यात आश्चर्य वाटले नाही. मेंढीकोटात दश्शीएवढे मोलाचे पान नाही, तरीही गुलामापासून एक्क्यापर्यंत त्या रंगाचे कोणतेही मोठे पान तिला उचलून नेऊ शकते. मोलाचे पान जपायचे कसे, हा प्रश्न म्हणूनच आपल्याला परका नाही. पहिले पत्र सविस्तर असल्यामुळे त्याचे उत्तरही सविस्तर दिले आहे. उरलेल्या पत्रांना थोडक्यात उत्तरे देते. पोकर नवे असलेल्यांसाठी आधी चार शब्द: टेक्सास होल्डेममध्ये प्रत्येकाला स्वतःची दोन पाने मिळतात आणि सर्वांसाठी टेबलावर पाच उघडतात, आधी तीन (फ्लॉप), मग चौथे (टर्न) आणि शेवटी पाचवे (रिव्हर); या सातांतील उत्तम पाच मोजतात. चिप्स म्हणजे खेळातील नाणी, आणि लावलेल्या चिप्सचा ढीग म्हणजे पॉट. ब्लाइंड म्हणजे दोघांनी पाने पाहण्यापूर्वी भरायच्या सक्तीच्या चिप्स (लहान तो स्मॉल, मोठा तो बिग), बटन म्हणजे पाने वाटणाऱ्याची जागा. बेट म्हणजे चिप्स लावणे, रेझ म्हणजे ती रक्कम वाढवणे, कॉल म्हणजे समोरच्याएवढ्याच चिप्स भरणे, चेक म्हणजे काही न लावता डाव पुढे जाऊ देणे आणि ऑल-इन म्हणजे आपल्या सगळ्या चिप्स लावणे.

प्रश्न : महोदया, महापे येथील एका कंपनीत पूर्वी एकत्र काम केलेले आम्ही चोवीस जण दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, रात्रीची जेवणे आटोपल्यावर, एका मोफत ॲपवरील खासगी टेबलावर टेक्सास होल्डेम पोकरची स्पर्धा खेळतो. प्रवेशशुल्क नाही आणि रोख बक्षीसही नाही. पहिल्याला ५०, दुसऱ्याला ३० आणि तिसऱ्याला २० गुण मिळतात व वर्षअखेरीस गुणांची बेरीज होते, एवढाच व्यवहार. सुरुवातीला प्रत्येकाला ५,००० चिप्स मिळतात. गेल्या स्पर्धेत आम्ही चौघे उरलो तेव्हा प्रत्येकाकडे जवळपास ३०,००० चिप्स होत्या आणि ब्लाइंड १,००० व २,००० होते. मी बटनवर असताना मला बदाम आणि इस्पिकचा गुलाम आला. मी ४,५०० पर्यंत रेझ केले, स्मॉल ब्लाइंडने पाने टाकली आणि बिग ब्लाइंडने कॉल केले. पॉट १०,००० चा झाला. फ्लॉपवर किलवर दश्शी, किलवर नव्वी आणि चौकट चौकी आली. त्याने चेक केल्यावर मी २,५०० लावले आणि त्याने कॉल केले. टर्नला बदाम दुर्री आली. त्याने चेक केले आणि सावधगिरी म्हणून मीही चेक केले. रिव्हरला किलवर पंजी आली व त्याने १२,००० लावले. मी कॉल केले. त्याच्याकडे किलवरचा राजा आणि सत्ती निघाली, म्हणजे कलर (पाचही पाने एकाच रंगाची). दोन डावांनंतर मी बाहेर पडलो, चौथा क्रमांक, शून्य गुण. एक मित्र म्हणतो, फ्लॉपच्या आधीच ऑल-इन करायला हवे होते. दुसरा म्हणतो, फ्लॉपवर ऑल-इन. तिसरा म्हणतो, चौघे उरले असताना गुलामांची जोडी टाकूनच द्यावी. कोणाचे ऐकावे? (एक वाचक, ऐरोली)

उत्तर : तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचा आकडा शेवटी आला आहे आणि तो शून्य आहे. चौघांपैकी तिघांना गुण मिळणार आणि एकाला काहीच मिळणार नाही, अशा जागी तुम्ही बसला होता, आणि त्या जागेवर जिंकलेली चिप व हरलेली चिप यांचे मोल सारखे राहत नाही. हे एकदा नीट पटले की तिन्ही मित्रांच्या सल्ल्यांचे वजन आपोआप कळेल, म्हणून आधी तेवढे गणित करू आणि मग डावाकडे वळू. मी शाळेत पंचवीस वर्षे गणित शिकवले आहे, त्यामुळे हा मोह मला आवरत नाही, हेही कबूल करते.

चौघांकडे सारख्या चिप्स आहेत आणि एकूण १०० गुण वाटायचे आहेत, तेव्हा प्रत्येकाच्या चिप्सचे आजचे मोल २५ गुण होते. आता दोघे एकमेकांवर ऑल-इन गेले असे समजा. हरणारा शून्यावर जातो. जिंकणाऱ्याकडे टेबलावरील निम्म्या चिप्स येतात, म्हणून त्याचे मोल दुप्पट होऊन ५० व्हायला हवे असे वाटते, पण तसे होत नाही. निम्म्या चिप्स असलेला खेळाडू निम्म्याच वेळा पहिला येणार, उरलेल्या वेळी तो दुसरा किंवा तिसरा येणार, आणि हिशेब केल्यावर त्याचे मोल ३८.३३ भरते. म्हणजे २५ गुण पणाला लावून त्याने १३.३३ कमावले. उरलेले गुण कोठे गेले? पाने टाकून नुसते बघत बसलेल्या दोघांकडे. त्या प्रत्येकाचे मोल २५ वरून ३०.८३ झाले, तेही एक चिपसुद्धा पुढे न सारता. दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ ही म्हण येथे चौथ्यालाही लागू होते.

या सौद्यात तोटा होऊ नये यासाठी तुमचा हात १०० पैकी किमान ६५ वेळा जिंकायला हवा. गुलामांची जोडी एक्का-राजा या हाताविरुद्ध साधारण ५७ वेळा जिंकते. केवळ चिप्स मोजल्या तर हा नफ्याचा सौदा आहे. गुण मोजले तर आतबट्ट्याचा. गंमत अशी की तिघेच उरले असते, सर्वांच्या चिप्स सारख्या असत्या आणि २० गुण आधीच पदरात पडलेले असते, तर लागणारा आकडा ५७ वर आला असता आणि तोच सौदा बरोबरीचा झाला असता. दोघेच उरले की हा भेद संपूर्णपणे नाहीसा होतो, कारण तेव्हा ३० गुण दोघांचेही पक्के असतात आणि लढत केवळ वरच्या २० गुणांसाठी उरते. तेव्हा गुलामांची जोडी ही फार मोठी चीज असते आणि तिच्यावर निःशंक ऑल-इन जावे.

मोजणीची ही रीत मूळची पोकरची नाही. शर्यतीतील घोडे कोणत्या क्रमाने येतील याच्या शक्यता काढण्यासाठी डेव्हिड हार्व्हिल या संख्याशास्त्रज्ञाने ती १९७३ मध्ये मांडली आणि १९८७ मध्ये मेसन मालमुथ यांनी ती पोकरच्या स्पर्धांना लावली. खेळणारे तिला आयसीएम म्हणतात. पहिले येण्याची शक्यता म्हणजे तुमच्या चिप्सचा एकूण चिप्समधील वाटा. पहिला बाजूला काढला की उरलेल्यांत पुन्हा तोच हिशेब. खेळाडूचे कौशल्य, बसण्याची जागा, पुढचा ब्लाइंड कोणावर येणार, हे काहीही तिला दिसत नाही, म्हणून तिच्या आकड्यांना दशांशापर्यंत चिकटून बसू नये. दिशा मात्र ती बरोबर दाखवते.

आता तिसऱ्या मित्राचा सल्ला. गुलामांची जोडी टाकून द्यावी, हे मला मान्य नाही. चौघांच्या टेबलावर बटनवर बसून, आधी कोणीही रेझ केलेले नसताना, गुलामांची जोडी टाकणारा माणूस शेवटी ब्लाइंड भरता भरताच संपतो. पण त्याच्या भीतीत एक खरी गोष्ट आहे, ती सोडू नका. गुलामांची जोडी हातात असताना फ्लॉपवर राणी, राजा किंवा एक्का यांपैकी किमान एक पान येण्याची शक्यता ५७ टक्के असते. दश्शीच्या जोडीला हाच धोका ६९ टक्के, राण्यांच्या जोडीला ४१ आणि राजांच्या जोडीला २३ टक्के असतो. म्हणजे गुलामांची जोडी फ्लॉपच्या आधी जवळपास सर्वांच्या पुढे असते आणि फ्लॉपनंतर निम्म्याहून अधिक वेळा तिच्या डोक्यावर कोणीतरी बसलेले असते. तुमच्या डावात तसे झाले नव्हते. दश्शी, नव्वी आणि चौकी हा फ्लॉप गुलामांना मानवणारा होता आणि म्हणूनच पुढची चूक मनाला जास्त लागते.

पहिल्या मित्राचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. तुमच्याकडे ३०,००० ऐवजी अठरा-वीस हजार चिप्स, म्हणजे नऊ-दहा बिग ब्लाइंड असते, तर मीही थेट ऑल-इन सुचवले असते, कारण तेवढ्या चिप्समध्ये रेझ करून नंतर माघार घ्यायला जागाच उरत नाही. पंधरा ब्लाइंड असताना मात्र ३,००० चे ब्लाइंड मिळवण्यासाठी ३०,००० पुढे सारणे म्हणजे कॉल कोण करणार याची निवड समोरच्याकडे सोपवणे होय, आणि तो राण्या, राजे, एक्के किंवा एक्का-राजा घेऊनच कॉल करणार. ४,५०० चे तुमचे रेझ योग्य होते. त्यावर बिग ब्लाइंडने ऑल-इन केले असते तर काय, हे मात्र रेझ करण्यापूर्वीच मनाशी ठरलेले असावे. त्या कॉलसाठी गुणांच्या हिशेबाने सुमारे ५८ टक्के लागतात. समोरचा मनुष्य दर दुसऱ्या डावाला ऑल-इन जाणारा असेल तर गुलाम पुरे पडतील. तासाभरात एकदाच ऑल-इन गेलेला असेल तर पाने टाकावीत आणि साडेपंचवीस हजारांवर पुढे चालावे.

फ्लॉपकडे येते, कारण डाव खऱ्या अर्थाने तेथे फिरला. पॉट १०,००० चा असताना तुम्ही २,५०० लावले. समोरच्याला १५,००० च्या अंतिम पॉटसाठी २,५०० द्यायचे होते, म्हणजे सहापैकी एकदा जिंकले तरी त्याचा खर्च निघणार होता. त्याच्याकडे काय होते ते आता आपल्याला माहीत आहे: कलरसाठी किलवरची नऊ पाने आणि मोठ्या जोडीसाठी तीन राजे. दोघांची पाने उघडी ठेवून मोजले तर न दिसलेल्या ४५ पानांपैकी १२ पाने त्याची होती, म्हणजे पुढच्या एकाच पानाला जवळपास २७ टक्के, आणि टर्न व रिव्हर दोन्ही पाहायला मिळाली तर ४५ टक्क्यांच्या आसपास. ज्या मालाचा भाव २७ होता तो तुम्ही १७ ला विकला. टर्नला चेक करून तर तुम्ही तोच माल फुकट वाटला, कारण तेथेही ४४ पैकी १२ पाने त्याचीच होती. तुम्ही टर्नच्या चेकला ‘सावधगिरी’ म्हटले आहे. त्या शब्दापाशी थोडे थांबा. दुर्रीने कोणाचेही काही बदलले नव्हते. फ्लॉपवर जो पुढे होता तोच टर्नलाही पुढे होता. सावधगिरी बाळगायचीच तर ती रिव्हरच्या किलवर पंजीवर बाळगायला हवी होती.

मी काय केले असते? फ्लॉपवर ६,५०० च्या आसपास लावले असते. त्या भावात कॉल करायला समोरच्याला २८ टक्के लागतात, म्हणजे एका पानाच्या हिशेबाने त्याला किंचित तोटा. कलर आला तर पुढे आणखी चिप्स मिळतील या आशेने तो तरीही कॉल करील, करू द्यावे. मग टर्नला दुर्री आल्यावर पॉट २३,००० चा असतो आणि दोघांकडेही १९,००० उरलेल्या असतात. येथे मी सगळ्या चिप्स पुढे सारते, आणि या हालचालीतच शेवटच्या चौघांतील खेळाचे मर्म आहे. चिप्सच्या हिशेबाने त्याला कॉल करायला ३१ टक्के लागतात. गुणांच्या हिशेबाने सुमारे ४८ लागतात, कारण हरला तर शून्यावर जाणारा तो असतो. त्याच्याकडे आहेत २७. जो आधी ऑल-इन जातो त्याच्याकडे समोरचा पाने टाकेल ही एक जादा आशा असते. जो कॉल करतो त्याच्याकडे केवळ आपल्या पानांची ताकद असते. हात बळकट असला तरी सहज मोडणारा असेल, तेव्हा या दोहोंपैकी पहिल्या जागेवर आपण असावे, दुसऱ्या जागेवर समोरच्याला बसवावे.

दुसऱ्या मित्राने सुचवलेले फ्लॉपवरचे थेट ऑल-इन याच विचाराचे घाईचे रूप आहे. ते चूक नाही. पण १०,००० च्या पॉटवर २५,५०० लावल्यावर अठ्ठी-सत्ती किंवा एकटी नव्वी घेऊन रेंगाळणारे, ज्यांच्याकडून तुम्हाला चिप्स मिळाल्या असत्या, ते सगळे निघून जातात आणि दश्श्या, नव्व्या किंवा चौक्यांची तिकडी जमलेला तेवढा थांबतो. नवशिक्याला मी तरीही हाच मार्ग सांगेन, कारण टर्नला घाबरून चेक करण्यापेक्षा तो पुष्कळ बरा.

एक शंका तुमच्या मनात येईल: फ्लॉपवर ६,५०० लावल्यावर त्यानेच उलट ऑल-इन केले असते तर? तेव्हा तेच ४८ टक्के तुमच्या गळ्यात पडले असते. येथे माझ्याकडे एकच एक उत्तर नाही. माणूस पाहून ठरवावे. आणि टर्नला दुर्रीऐवजी किलवर आले असते, तर चेक करून मोठ्या बेटवर पाने टाकावीत, साडेनऊ ब्लाइंडवर जिवंत राहावे. ते कडू लागते.

राहिला रिव्हरचा कॉल, आणि माझ्या मते तुमच्या डावातील सर्वांत महाग चूक हीच होती. २७,००० साठी १२,००० द्यायचे होते. चिप्सच्या हिशेबाने ३१ टक्के पुरेसे होते, गुणांच्या हिशेबाने सुमारे ४० हवे होते. जो मनुष्य फ्लॉपला चेक करून कॉल करतो, टर्नला पुन्हा चेक करतो आणि तिसरे किलवर पडताच पॉटच्या पाऊणपटीहून जास्त लावतो, तो दर दहा वेळांपैकी चार वेळा थाप मारत असेल असे तुम्हाला खरोखर वाटत होते का? तेही अशा टेबलावर, जिथे चौथा येण्याची भीती त्यालाही तेवढीच आहे? पत्रात तुम्ही नुसते ‘मी कॉल केले’ एवढेच लिहिले आहे. माझा अंदाज असा की गुलामांची जोडी इतका वेळ सांभाळल्यावर ती टाकवली नाही. मलाही अनेकदा टाकवत नाही. गणेशोत्सवातल्या जागरणाला आमच्या पाचपाखाडीच्या इमारतीच्या गच्चीवर मेंढीकोट रंगायचा, तेव्हा हातातली दश्शी मारली जाणार हे दिसत असूनही मी ती शेवटपर्यंत धरून ठेवायची आणि मग तिच्याच रंगाचा राजा समोरून यायचा. माझ्या भिडूने एका रात्री पाने खाली ठेवून विचारले होते, ‘दश्शी तुझ्या माहेरची आहे का?’ तुमच्याकडे त्या क्षणी २३,००० चिप्स होत्या, म्हणजे साडेअकरा ब्लाइंड, आणि टेबलावरील इतर दोघांपासून तुम्ही सात हजारांहून अधिक मागे नव्हता.

प्रश्न : चौघे उरले असताना बटनवरच्या खेळाडूने ऑल-इन केले. त्याच्याकडे ४५,००० आणि माझ्याकडे ४०,००० होत्या. मी २,००० चा बिग ब्लाइंड भरलेला होता. स्मॉल ब्लाइंडकडे ३२,००० आणि चौथ्याकडे फक्त ३,००० होत्या. माझ्याकडे राण्यांची जोडी होती. मी ती टाकली. सगळे अजूनही हसतात. गुणांची वाटणी तुमच्या सदरात येते तशीच, ५०, ३० आणि २०. (एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर : बहुतेक टेबलांवर तुम्ही बरोबर आहात. चौथ्याकडे दीड ब्लाइंड उरला आहे, म्हणजे तो पुढच्या एक-दोन डावांत जाणार हे जवळपास दिसते आहे, आणि तो गेला की तुमचे २० गुण पक्के. अशा वेळी टेबलावरील सर्वांत मोठ्या दोन स्टॅकनी (चिप्सच्या राशींनी) एकमेकांना भिडावे यासारखे त्या चौथ्याच्या फायद्याचे दुसरे काही नाही. तुमच्या आकड्यांवरून हिशेब केला तर पाने टाकल्यावर तुमचे मोल ३२ गुणांच्या जवळ राहते, कॉल करून जिंकलात तर ४३ होते आणि हरलात तर शून्य. म्हणजे कॉलसाठी सुमारे ७४ टक्के लागतात. राण्यांची जोडी एक्का-राजाविरुद्ध ५७ टक्क्यांच्या आसपास असते आणि मोठ्या दोन जोड्यांपुढे तर फारच मागे.

हसणाऱ्यांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. बटनवरचा तो खेळाडू हे गणित जाणून, तुम्ही पाने टाकणारच या भरवशावर, कोणतीही दोन पाने घेऊन ऑल-इन जात असेल, तर राण्यांची जोडी अशा कोणत्याही दोन पानांविरुद्ध साधारण ८० टक्के जिंकते आणि मग कॉल योग्य ठरतो. त्याने त्याआधीचे तीन-चार ऑल-इन कशावर केले होते ते तुम्ही लिहिलेले नाही. ॲपवर मागील डावांची नोंद असते, ती उघडून पाहा. एक्क्यांची जोडी असती तर मात्र यातले काहीही न पाहता कॉल करावे.

प्रश्न : एक्क्यांची जोडी आली म्हणून गुपचूप नुसते कॉल केले, मागाहून आणखी चौघांनी कॉल केले, आणि शेवटी कोणाच्या तरी पंज्या-छक्क्यांनी मला हरवले. असे दर वेळी का होते? (एक वाचक, खारघर)

उत्तर : दर वेळी होत नाही; झालेले लक्षात राहते. पण चौघांना आत तुम्हीच घेतलेत. एक्क्यांची जोडी एका अनोळखी हाताविरुद्ध ८५ टक्के जिंकते, तर चार अनोळखी हातांविरुद्ध सगळी पाने उघडेपर्यंत ५६ टक्केच. लपवाछपवीचा मोह सोडून रेझ करा. सगळे पळाले तर ब्लाइंड मिळतात आणि स्पर्धेच्या शेवटी, ब्लाइंड चढलेले असताना, ती मिळकत लहान नसते.

प्रश्न : माझ्याकडे सिक्वेन्स आणि समोर कलर असताना ॲपने पॉट त्याला दिला. ही ॲपची चूक नाही का? (एक वाचक, कोपरखैरणे)

उत्तर : नाही. दिवाळीतल्या तीनपत्तीत सिक्वेन्स कलरच्या वर असतो. पाच पानांच्या पोकरमध्ये कलर सिक्वेन्सच्या वर असतो. तीन पानांत कलर जमणे सिक्वेन्सपेक्षा सोपे असते, पाच पानांत ते अवघड होते, म्हणून क्रम उलटतो. तीनपत्तीवरून पोकरकडे आलेल्या बहुतेकांची ही ठेच ठरलेली आहे.

प्रश्न : पैसे लावून खेळता येईल असे परदेशी संकेतस्थळ सुचवाल का? आपल्याकडची बंद झाली आहेत. (नाव-गाव नाही)

उत्तर : सुचवणार नाही. ऑनलाइन गेमिंगविषयीच्या २०२५ च्या केंद्रीय कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली असून, पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ पुरवण्यावर आणि त्यांची जाहिरात करण्यावर त्याने बंदी घातली आहे. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेद त्यात केलेला नाही, त्यामुळे पोकरसाठी पूर्वी केला जाणारा तो युक्तिवाद येथे उपयोगी पडत नाही. या सदरात पैशांच्या टेबलांविषयीच्या पत्रांना उत्तरे दिली जाणार नाहीत. ऐरोलीच्या वाचकांसारखे शुल्काविना, गुणांवर खेळणारे गट असतील तर त्यांनी जरूर लिहावे, फक्त ‘हरणाऱ्याने सर्वांना मिसळ द्यायची’ असली पुरवणीही त्याला जोडू नये.

प्रश्न : वाशीहून ठाण्याला येताना लोकलमध्ये खेळत होतो. पाच जण उरले असताना राजांची जोडी आली, समोरून रेझ झाले आणि नेमके तेव्हाच नेटवर्क गेले. परत आले तेव्हा माझी पाने टाकली गेली होती. याला काही उपाय? (एक वाचक, ठाणे पूर्व)

उत्तर : समोर बेट असताना तुमचा वेळ संपला तर ॲप तुमची पाने टाकते, बेट नसेल तर चेक करते, तुमच्या हातात राजे आहेत की दुर्री-सत्ती, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. काही ॲपवर जादा वेळेची शिल्लक असते आणि ती स्पर्धेच्या सुरुवातीच्या बिनमहत्त्वाच्या डावांत उधळली जाते. ती शेवटच्या टेबलासाठी राखून ठेवा. त्याहून सोपा उपाय म्हणजे गटाला सांगून स्पर्धेची वेळ अर्ध्या तासाने पुढे ढकलून घ्या. वाशी ते ठाणे तेवढाच प्रवास आहे. नऊ-दहा नंबरच्या फलाटावर उतरा, घरी जा, चार्जर लावा आणि मग टेबलावर बसा.